आईच्या ओव्या आणि प्लगइनचा नमुना

आमची आई शाळेची पायरी चढली नव्हती, पण जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ होत्या. २०१९ मध्ये भाचीने दाराला गोधडी लावून, साध्या मायक्रोफोनवर तिच्या चाळीस ओव्या माझ्या विंडोज संगणकावर घेतल्या. पंख्याची घरघर कमी केली, आवाजाला थोडा घुमारा दिला. ऐकून आई म्हणाली, "अगं बाई, ही मीच का?" दोन वर्षांनी आई गेली.

तिच्या स्मृतिदिनी या ओव्या सर्वांना ऐकवायचे ठरले. तोवर माझा संगणक भंगारात गेला होता. भाचीने तेच काम आपल्या मॅकवर उघडले, तर पंख्याची घरघर परत आलेली आणि पडद्यावर प्लगइन सापडत नसल्याची सूचना! माझे तर हातपाय गळाले. भाची म्हणाली, "मामा, आजीचा आवाज शाबूत आहे. गेले ते फक्त इफेक्ट."

वाचकहो, प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम. घुमारा देणे, घरघर कापणे ही कामे तो करतो. मी पडलो कारकून. मला ते असे समजले : अर्जातला मजकूर तोच, पण प्रत्येक खात्याचा छापील नमुना निराळा.

व्हीएसटी हा नमुना जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आणला. तो विंडोज व मॅक दोन्हींवर चालतो, मात्र विंडोजसाठी बांधलेला प्लगइन मॅकवर तसाच चालत नाही. आम्ही इथेच फसलो. त्याची तिसरी आवृत्ती २००८ ची. दुसऱ्या आवृत्तीचे परवाने नव्या उत्पादकांना देणे २०१८ मध्ये बंद झाले, म्हणून नवे काम तिसरीत करावे. एयू हा अ‍ॅपलचा नमुना. गॅरेजबँड आणि लॉजिक तोच स्वीकारतात. एएएक्स लागतो तो प्रो टूल्सला. २०२२ मध्ये क्लॅप हा खुला नमुना आला, त्याला कोणाचा परवाना काढावा लागत नाही. पुढे २०२५ मध्ये व्हीएसटी-३ सुद्धा मुक्त परवान्याखाली आला.

मी विचारले, "यात आवाज कोणाचा चांगला?" भाचीने एकाच कंपनीचा इक्वलायझर दोन नमुन्यांत, एकाच मापावर लावला आणि एकाची लहर उलटी करून दोन्ही एकदम वाजवले. काहीच ऐकू आले नाही! दोन्ही बाजू जुळल्या, बाकी शून्य. म्हणजे आवाज प्लगइनच्या आतल्या गणिताचा असतो, नमुन्याचा नव्हे. आपले सॉफ्टवेअर जो नमुना घेते तो बसवावा. महागडा नमुना, भारी आवाज, या भ्रमात पैसे घालवू नयेत.

आम्ही नवे प्लगइन लावून काम पुन्हा केले. पहिला घुमारा तंतोतंत जमला नाही, याची रुखरुख आहे. तेव्हा इफेक्टसह तयार झालेली वेव्ह फाइल वेगळी ठेवली असती, तर ही वेळ आली नसती. हिशेबात खतावणी लिहिली म्हणून कोणी मूळ पावती फाडत नाही आणि पावती आहे म्हणून खतावणीही टाकत नाही. इथेही तसेच : कोरा आवाज आणि तयार आवाज, दोन्ही वेव्हमध्ये, दोन ठिकाणी जपावेत.

आपल्या घरात कोणी गाणारी म्हातारी असेल, तर नमुन्यांच्या चर्चेत दिवस घालवू नका. आज पंखा बंद करा आणि तिला गाऊ द्या. प्लगइन उद्याही मिळेल.