काउन्सेलरचा फोन

2024 च्या ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मी कामावर असताना शाळेतून फोन आला. "मी तुमच्या मुलीची काउन्सेलर बोलते आहे." एवढं ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. आमच्या लहानपणी शाळेतून बोलावणं म्हणजे कार्ट्याने काच तरी फोडली असणार, नाहीतर गणितात तरी आपटला असणार!

तसं काही नव्हतं. लेक नुकतीच नववीत गेली होती. तिची जिवलग मैत्रीण दुसऱ्या गावी राहायला गेली, आणि ही महिनाभर डबा एकटीच खात होती. रात्री झोपही येत नव्हती. आपणहून तीनदा काउन्सेलरकडे जाऊन आली होती. आता तिलाच विचारून त्या बाईंनी मला फोन केला होता.

खरं सांगते, मला राग आला. घरात आई असताना परक्या बाईला सांगायचं? गाडीत मी तसं बोललेही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, तुला सांगितलं असतं तर तू पण झोपली नसतीस."

पुढच्या आठवड्यात मी त्या बाईंना भेटायला गेले. आपल्यापैकी बऱ्याच पालकांना ही व्यवस्था ठाऊक नसते, म्हणून थोडं लिहिते. आमच्या हायस्कूलमध्ये मुलं आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षराप्रमाणे वाटलेली आहेत. त्यामुळे कुलकर्णी, केळकर, कदम, जोशी सगळे एकाच बाईंच्या वाट्याला! त्यांच्याकडे साडेतीनशेच्या आसपास मुलं आहेत. देशभरातल्या काउन्सेलरांच्या संघटनेच्या मते एकामागे 250 मुलं असावीत; 2022-23 साली देशाची सरासरी 385 होती. त्यात शरद ऋतूत बारावीच्या मुलांची कॉलेजसाठीची शिफारसपत्रं, आणि वसंतात सगळ्यांचे पुढल्या वर्षीचे विषय ठरवणं. उरलेल्या वेळात माझ्या लेकीसारखी मुलं.

काउन्सेलर म्हणजे डॉक्टर नव्हे. दीर्घ उपचार लागणार असतील तर त्या बाहेरचं नाव सुचवतात. स्कूल सायकॉलॉजिस्ट वेगळे. आमच्याकडे ते दोन शाळांत मिळून एकच आहेत. मुलाला शिकताना अडचण येत असेल तर चाचण्या घेणं आणि विशेष शिक्षणाच्या कागदपत्रांत मदत करणं, यातच त्यांचे बहुतेक दिवस जातात. सोशल वर्करचं काम घर आणि शाळा यांना जोडण्याचं. कोविडनंतर वॉशिंग्टनहून आलेल्या पैशांतून आमच्या मिडल स्कूलला एक सोशल वर्कर मिळाली होती. ते पैसे वापरण्याची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली आणि ती जागाही गेली. आता तिथल्या मुलांनी कुणाकडे जायचं? स्कूल बोर्डाच्या बजेटच्या सभेत मी हाच प्रश्न विचारला. तीन मिनिटं मिळतात. माझं इंग्रजी अडखळलं, पण विचारलं. जागा काही परत आली नाही. सभेला आपली मराठी माणसं मी धरून दोनच होती, हे मात्र मला लागलं. गणेशोत्सवाला हॉल अपुरा पडतो!

मुलांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. तुम्ही काउन्सेलरला सांगितलेलं त्या सहसा स्वतःपाशीच ठेवतात. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुम्हाला इजा करत असेल, तर त्यांना ते पुढे सांगावंच लागतं. आणि रात्रीअपरात्री फारच असह्य झालं तर 988 हा नंबर आहे. तो जुलै 2022 पासून सुरू आहे, देशात कुठूनही लागतो.

मीही त्या दिवशी बाईंना विचारून पाहिलं, "ती माझ्याबद्दल काय म्हणाली?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते तिलाच विचारा." विचारायला मला दोन आठवडे लागले. रविवारी पोळ्या लाटताना विचारलं. ती ओट्यावर चढून बसली आणि बोलत राहिली. दोन पोळ्या करपल्या.

आता ती डबा बँडच्या खोलीत खाते, आणखी तिघींबरोबर. त्यातल्या एकीला आपलं लिंबाचं लोणचं फार आवडतं, म्हणून रोज जास्तीची फोड द्यावी लागते.