पाचवी स्थिती

कर्वेनगरात वनदेवीच्या देवळापासून थोडं आत आमचं ऑफिस आहे. दोन खोल्या, सहा माणसं. आसपासच्या दुकानांची पार्सलं घरोघरी पोचवणाऱ्या पोरांसाठी आणि त्या दुकानदारांसाठी आम्ही ॲप चालवतो. सर्व्हरचं काम माझ्याकडे असतं.

2022 च्या दिवाळीत माझ्या हातून जी चूक झाली ती इथे सांगते. काम साधं होतं, म्हणूनच फसले.

सुरुवातीपासून आमच्याकडे पार्सलच्या चार स्थिती होत्या: नोंदवलं, निघालं, पोचलं, रद्द. कोडमध्ये त्यांचा एक एनम होता, म्हणजे ठरावीक किमतींची यादी. तीन वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता. दिवाळीच्या तोंडावर मात्र पोरांची तक्रार आली. फराळाची पार्सलं भरपूर, लोक कामावर गेलेले, आणि सोसायट्यांचे वॉचमन वर सोडत नाहीत. पार्सल वॉचमनकडे ठेवलं तर ॲपमध्ये काय दाबायचं? 'पोचलं' दाबलं तर गिऱ्हाईक भांडतं, 'निघालं' ठेवलं तर दुकानदार.

मी पाचवी स्थिती घातली: 'गेटवर ठेवलं'. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या फोनवर सगळं व्यवस्थित चाललं. चालणारच, माझ्या फोनवर नवं ॲप होतं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला मी ते डिप्लॉय केलं. साडेअकराला फराळवाल्या काकांचा फोन आला.

"अहो ताई, ॲप उघडतंय आणि लगेच बंद पडतंय."

मी त्यांना फोन बंद करून चालू करायला सांगितलं. हे सांगितल्याची आजही लाज वाटते. दहा मिनिटांत आणखी चार दुकानदारांचे फोन आले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्या जुन्या ॲपला चारच शब्द माहीत होते. पार्सलांच्या यादीत एकाची जरी स्थिती पाचवी असली, तरी ॲपला ती ओळखता यायची नाही आणि अख्खं ॲप क्रॅश व्हायचं. एका पार्सलपायी दुकानदाराला बाकीची चाळीसही दिसत नव्हती. ॲप अपडेट करा म्हणावं, तर दिवाळीच्या गर्दीत कोण करणार? काकांच्या फोनमध्ये तर जागाच नव्हती.

मी रोलबॅक केला, म्हणजे सर्व्हरवर जुना कोड परत आणला. ती दुसरी ठेच. तोवर 63 पार्सलांवर नवी स्थिती लागली होती. जुन्या सर्व्हरने डेटाबेसमधून ती वाचायला घेतली आणि तोही पडायला लागला. नव्या कोडने लिहिलेलं जुन्या कोडला वाचता येतं का, हे मी तपासलंच नव्हतं. शेवटी त्या 63 पार्सलांचे नंबर एका एक्सेलमध्ये उतरवून घेतले आणि त्यांची स्थिती हाताने 'निघालं' केली. दीड वाजता ॲप परत चालू झालं.

आता जेवावं म्हटलं, तर हिशेब बघणारा सहकारी म्हणाला, "आजची बिलं पुढे सरकतच नाहीयेत."

पार्सलची स्थिती बदलली की आम्ही एक इव्हेंट क्यूमध्ये टाकतो. तो दोन प्रोग्रॅम वाचतात: एक बिलं करतो, दुसरा गिऱ्हाइकाला मेसेज पाठवतो. डेटाबेस मी सुधारला होता, पण क्यूमध्ये गेलेले इव्हेंट तसेच होते. बिलांचा प्रोग्रॅम पहिल्या अनोळखी इव्हेंटवर पडायचा, पुन्हा उठायचा, पुन्हा तोच उचलायचा. मागे सकाळपासूनची रांग. मेसेजवाल्याचंही तेच.

इथे मी तिसरी चूक केली आणि ती सगळ्यांत महागात पडली. घाईघाईत मेसेजवाल्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: स्थिती ओळखू आली नाही, तर शेवटची धर. यादीत शेवटची 'रद्द' होती. रांग झरझर मोकळी झाली. मला हायसं वाटलं. पाच मिनिटांत काकांचा फोन.

"ताई, गिऱ्हाईक विचारतंय, चकल्या रद्द का केल्या? मी तर पाठवल्यात."

'तुमची ऑर्डर रद्द झाली' हा मेसेज ज्यांना गेला होता, त्या प्रत्येकाला मी संध्याकाळपर्यंत फोन करून माफी मागितली. एक आजी म्हणाल्या, "अगं, चकल्या तर आम्ही खातोय." त्या दिवसातलं तेवढंच बरं वाक्य.

दिवाळीनंतर सहाही जण बसलो. तेव्हा जे ठरवलं, त्यातलं उपयोगी पडलं ते असं.

पहिलं म्हणजे, आपली यादी दुसरं कोणी वाचत असेल तर ती वाढणार, असं धरून चालायचं. न वाढणाऱ्या याद्या थोड्या. आठवड्याचे वार वाढायचे नाहीत. पण गाड्यांच्या नंबरचं बघा: सुरुवातीला राज्याची दोन अक्षरं असणारच, असं धरून किती जणांनी प्रोग्रॅम लिहिले असतील. 2021 मध्ये बीएच सीरिज आली आणि तिच्यात आधी वर्षाचे दोन आकडे असतात.

दुसरं, वाचणाऱ्याकडे 'अनोळखी' असा एक वेगळा कप्पा हवा. अनोळखी किमतीला ओळखीच्या किमतीत ढकलायचं नाही, हे मी चकल्यांवरून शिकले. मूळ शब्दही फेकायचा नाही, तसाच पुढे द्यायचा. जावात जॅक्सन लायब्ररी वापरत असाल तर 'अनोळखी' कप्प्यासाठी तयार सोय आहे: एनममधली एक किंमत डिफॉल्ट म्हणून नेमायची आणि अनोळखी किमतीला ती वापरण्याचं सेटिंग चालू करायचं. प्रोटोबफच्या तिसऱ्या आवृत्तीत एनमची पहिली किंमत शून्यच लागते आणि ती 'सांगितलेलं नाही' यासाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. 'सांगितलंच नाही' आणि 'सांगितलं, पण मला कळलं नाही' या दोन गोष्टींची मात्र गल्लत करू नये.

तिसरं, पैशांच्या बाबतीत अंदाज करायचा नाही. बिलांच्या प्रोग्रॅमला अनोळखी इव्हेंट आला तर तो बाजूच्या क्यूमध्ये ठेवतो, आम्हाला कळवतो आणि पुढचा उचलतो. त्यामुळे रांग अडत नाही आणि चुकीचं बिलही जात नाही.

चौथं आम्ही एचटीटीपीकडून उचललं. तिथे 471 असा कधी न पाहिलेला आकडा आला, तर पहिला 4 बघून तो 400 सारखा धरायचा, असा नियमच आहे. आम्हीही स्थितीच्या जोडीला एक मोठा गट पाठवायला लागलो: चालू, संपलं, फसलं. हे तीन सहसा बदलत नाहीत. नवी स्थिती कळली नाही, तरी पार्सल अजून चालू आहे एवढं जुन्या ॲपला कळतं.

पाचवं, क्रम. आधी वाचणारे तयार करायचे, मग लिहिणाऱ्याने नवी किंमत वापरायची. मधे थांबायचं. आमची चाचणी आता रोज रात्री 'पतंग' नावाची खोटी स्थिती पाठवते. जो प्रोग्रॅम पतंग बघून पडतो, तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो.

आणि शेवटचं, कोड वेगळा ठेवायचा आणि लोकांना दिसणारं नाव वेगळं. आमच्या जिल्ह्यांच्या यादीत नावच कोड म्हणून वापरलं होतं, तेही तेव्हाच बदललं. 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा आम्हाला एक ओळ बदलावी लागली. खरं तर हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं. आमच्या ऑफिसच्या भाडेकरारात पत्ता हिंगणे बुद्रुक असा आहे, आणि रिक्षावाल्याला आम्ही कर्वेनगर सांगतो.

'गेटवर ठेवलं' ही स्थिती आम्ही पुढच्या मार्चमध्ये पुन्हा आणली. त्याआधी सगळ्या दुकानांत जाऊन ॲप एकदा बदलून दिलं. काकांच्या फोनमधले शुभप्रभातचे फोटो पुसून मीच जागा केली. त्यानंतर दोन स्थिती आणखी वाढल्या आणि एकही फोन आला नाही.

म्हणजे एक आला. काकांनी मधल्या काळात ॲप अपडेट केलंच नव्हतं.

"ताई, एका पार्सलपुढे 'इतर, चालू आहे' असं येतंय. इतर म्हणजे काय?"

"काका, बाकीची पार्सलं दिसतायत ना?"

"हो, ती दिसतायत."

"मग सांगते," म्हटलं आणि खुर्ची ओढून निवांत बसले.