ओटीच्या कापडांची गोधडी

मराठी घरातल्या कपाटात ब्लाउजपीसचा एक कप्पा असतोच. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, मंगळागौर, डोहाळजेवण, वास्तुशांत, मुंज, लग्न. बाई कार्याला गेली की ओटी भरून घरी येते. ओटीतल्या नारळाची चटणी होते, तांदूळ डब्यात पडतात, कापड मात्र राहतं. एखादं साडीवर जुळलं तर शिंप्याकडे जातं. काही पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या घरी रवाना होतात. बाकीची घडीवर घडी बसून राहतात. आमच्याकडे आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, लग्नापासूनची अशी कापडं एका जुन्या पातळात बांधून माळ्यावर ठेवलेली होती. त्या गाठोड्याची मी ओळीओळींची गोधडी शिवली.

गाठोडं खाली काढलं तेव्हा आईंना ते पटलं नव्हतं.

"अगं, ओटीचं कापड आहे ते. त्याला कात्री कशी लावायची?"

"आई, ब्लाउज शिवताना लावतोच की."

"ते अंगात घालायला."

"हेही अंगावरच घ्यायचंय. तुमची नात पांघरेल."

नातीचं नाव निघाल्यावर त्या जवळ येऊन बसल्या. मग एकेका घडीवर हात ठेवून हे कुणाच्या बारशातलं, ते कुणाच्या साठीशांतीतलं, असं सांगत राहिल्या. त्यांना माणसं आठवत होती, कार्यं आठवत होती. मला मात्र एकच गोष्ट लागली, की एवढ्या वर्षांत यातलं एकही कापड कुणाच्या अंगाला लागलं नव्हतं.

ही सवय आली कुठून, ते समजण्यासारखं आहे. आईंच्या आईंनी कंट्रोलचे दिवस काढले होते. युद्धकाळात, १९४३ साली, सरकारने सुती कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणलं, आणि घरात वारभर कापड जास्तीचं असणं ही चैन झाली. त्या पिढीने लेकींना कापड जपायला शिकवलं, लेकींनी सुनांना. शिकवण खरीच होती. पण तेव्हा जपलेलं कापड वापरलं जायचं. लुगडं विरलं की त्याचं दुपटं व्हायचं, दुपट्याचे लंगोट, शेवटी पोतेरं. गोधडी त्याच वाटेवर मध्ये कुठेतरी यायची. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याचे सात-सात फुटांचे दोन तुकडे शेजारी जोडले की गोधडीची पाठ झाली, उरलेलं तेरा फूट पोटात गेलं; वर धोतरांचे थर आणि चोळ्यांचे, परकरांचे तुकडे. वापरून वापरून मऊ झालेलं कापडच गोधडीला लागायचं, म्हणून ती अंगाला कधी टोचली नाही.

आपली अडचण नेमकी उलटी आहे. आपल्याकडे न वापरलेलं कापड पडून आहे, आणि पडून राहिलेलं कापड सुरक्षित असतं ही समजूत चुकीची आहे. खळ न काढता ठेवलेल्या कापडाला कसर लागते. सुती कापड घडीच्या रेषेवर पिवळं पडतं. रेशीम तर घडीवरच तुटतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेला रेशमी खण उलगडला तर चार घड्यांच्या जागी चार चिरा दिसतात. गाठोड्यातला एक आमसुली खण असाच हातात आला. वरून अगदी कोरा, काठ झळझळीत, आणि उलगडता उलगडता त्याच्या पट्ट्या झाल्या. जपून ठेवण्याविषयी माझं मत त्या खणाने कायमचं ठरवलं.

पहिलं काम निवडण्याचं. ओटीत येणाऱ्या कापडात रुबिया असतं, टू बाय टू असतं, खण असतात, आणि अलीकडच्या वर्षांत बहुतेक चकचकीत पॉलिस्टर असतं. हाताला फसवणारी कापडं बरीच, म्हणून कडेचा एक धागा काढून जाळून बघायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. मणी झाला की ते कापड बाजूला. घाम न शोषणारं कापड पांघरुणात घालू नये, याबाबत मी जराही सैल नाही. सुती कापडं रात्रभर पाण्यात, मग सावलीत वाळवून इस्त्री. अस्तराला मांजरपाट आणला, तोही भिजवून खळ काढल्यावरच घेतला, कारण कोरा मांजरपाट नंतर आटतो आणि वरची सगळी शिवण चुण्या धरते.

आता ओळींचं. चौकोनांची गोधडी सगळीकडून एकदम आखावी लागते, आणि साठ्यातल्या कापडाला तसं आखणं मानवत नाही, कारण कुठला रंग कितीसा आहे ते कापल्याशिवाय कळत नाही. ओळींच्या गोधडीत रुंदी ठरलेली आणि लांबी मोकळी. मी साठ इंच रुंदी धरली. साडेसहा इंचांचा चौकोन कापायचा, दोन्ही बाजूंनी पाव पाव इंच शिलाईत जातं, सहा उरतात. दहा चौकोनांची एक ओळ. ऐंशी सेंटिमीटर लांब, छत्तीस इंच पन्ह्याच्या ब्लाउजपीसमधून असे वीस चौकोन निघतात. कापड कमी असेल तर त्याची तीन इंची पट्टी करून दोन ओळींमध्ये घालायची. त्याहून कमी असेल तर त्रिकोण. कापताना उभा-आडवा धागा तेवढा सांभाळायचा, कारण तिरकं कापलेलं कापड शिवताना ओढलं जातं आणि ओळ साठाची बासष्ट इंच होते.

एक ओळ पूर्ण झाली की ती जमिनीवर पसरायची आणि उठून दूर उभं राहायचं. पुढची ओळ काय असेल, ते ही ओळ सांगते. पहिली ओळ डाळिंबी आणि मोतिया, एकाआड एक. तिच्याखाली मला गडद काही नको होतं, म्हणून पिस्ता रंगाची बारीक पट्टी. मग चिंतामणी, अबोली, लिंबू, शेवाळी असे हाताला येतील ते दहा चौकोन. त्यानंतरची ओळ सबंध त्रिकोणांची, विटकरी आणि अस्मानी, टोकाला टोक. राणी रंगाचं एक रुबिया होतं. ते ज्याच्या शेजारी ठेवावं त्याला खाऊन टाकायचं. दोन दिवस मी ते उचलून ठेवत होते. शेवटी वांगी आणि गवती हिरव्याच्या मधे ते बसलं आणि तिथेच निवांत झालं. पंगतीत शेजारी कोण बसणार हे आधी ठरलेलं नसतं, तरी जेवण होतंच, तसं हे. साडी घेताना आपण काठ-पदर, ब्लाउज, बांगड्या सगळं जुळवून घेतो. इथे जुळवायचं काही नव्हतं. जे घरात आहे त्याला जागा करून द्यायची होती. रंगांची इतकी मोकळी संगत दुकानात जाऊन मुद्दाम निवडायची असती तर माझं धाडसच झालं नसतं.

या कामात आपल्याच भागातल्या दुसऱ्या एका शिवणीची आठवण ठेवायला हवी. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानातल्या वस्त्यांत सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांच्या पूर्वजांतले अनेक जण आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीज गोव्यात आणले गेले आणि तिथून निसटून या रानांत आले. सिद्दी बायका ओळी लावत नाहीत. कडेपासून सुरुवात करतात, तुकडा मांडला की दुमडून लगेच शिवतात, आणि फेऱ्या घेत मध्याकडे येतात. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचं एकेक फूल लावतात. फूल नसेल तर कवंदी अपुरी मानतात. माझ्या गोधडीला ती फुलं लावण्याचा मोह मला झाला होता. लावली नाहीत. ती त्यांची आहेत.

ओळींच्या बाबतीत माझ्या मनात मात्र अमेरिकेतलं एक गाव होतं. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेलं गीज बेंड. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान् पिढ्या शेतात झिजलेल्या कपड्यांच्या, धान्याच्या पिशव्यांच्या पट्ट्या जोडून पांघरुणं शिवत आल्या. १९६६ साली त्या भागात बायकांची 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये संस्थेला सीअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळी शिवण्याचं काम मिळालं. खोळी कंपनीला गेल्या, उरलेल्या कातरणी बायकांनी घरी नेल्या, आणि गावातल्या गोधड्यांत सोनेरी, गंजक्या, गवती कॉर्डरॉयच्या पट्ट्या आल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात या गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. त्यांची छायाचित्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. कुठलीच ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ नाही, आणि एकही रंग चुकलेला वाटत नाही. जे हाती आलं त्यातून त्यांनी केलं, आणि जे हाती आलं त्याचाच त्यात तोरा आहे.

ओळी मशीनवर जोडल्या, पण थर एकत्र धरणारा धावदोरा हातानेच घातला. मशीनची शिलाई गोधडीला ताठ करते. धाग्याला मेण लावायचं, मधल्या बोटाला अंगुस्तान, आणि वरचा थर, पोटातलं जुनं धोतर, खालचा मांजरपाट असे तिन्ही थर सुईच्या टोकावर एकदम घ्यायचे. चार टाके सुईवर गोळा झाले की ओढायचं. रुबियातून सुई पाण्यातून गेल्यासारखी जाते. खणाच्या काठापाशी ती थांबते; तिथे वीणच दाट, शिवाय खाली शिलाई दुमडलेली. मग सुई उभी धरून एकेक टाका वरून खाली, खालून वर. सगळ्या गोधडीत बोटांना ओळखीच्या झालेल्या जागा याच. दुपारी आई समोर बसून दुसऱ्या टोकाकडून शिवत. त्यांचा टाका माझ्यापेक्षा बारीक आणि सरळ. त्यांच्या आईंकडे परसात चार-चार बायका गोधडीच्या चार कडांना बसायच्या, तेव्हा मुलींना मधोमध शिवायला देत नसत, कडेला देत. हात बसला की मग आत. हे त्यांनी शिवता शिवता सांगितलं. कात्रीला त्यांचा असलेला विरोध कधी मावळला, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. शेवटच्या ओळीसाठी त्यांनी आपल्या ट्रंकेतून हिरवा खण स्वतः काढून आणला आणि स्वतःच कापला.

नव्वद इंच झाल्यावर थांबले, कारण सुती कापड संपलं. बाजूला काढलेल्या पॉलिस्टरच्या घड्या अजून तशाच आहेत, आणि त्या सुती कापडापेक्षा जास्त भरल्या. त्यांचं काय करावं हे मला सुचलेलं नाही. ब्लाउजला ती कापडं कुणी शिवत नाही, दुपट्याला चालत नाहीत, फरशी पुसायलासुद्धा पाणी शोषत नाहीत. ती फक्त एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरतात. ओटी भरणं म्हणजे समोरच्या बाईचं भलं चिंतणं. त्या चिंतण्यात दिलेली वस्तू कुणाच्याही कामाची नसावी, हे मला मनापासून खटकतं.

म्हणून एक विनंती. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा घरच्या कार्याला ब्लाउजपीस घ्याल तेव्हा दुकानदाराला गठ्ठ्यातलं बांधून द्यायला सांगू नका. चार कमी घ्या, पण सुती घ्या, पूर्ण मापाचं घ्या, आणि शंका आली तर एक धागा जाळून बघा. आणि तुमच्या कप्प्यात जी सुती कापडं घडीवर बसून आहेत, त्यांची पहिली ओळ या उन्हाळ्यात कापायला घ्या.