आठव्या थरातला शनिवार

हिवाळ्यात शनिवारी रात्री साडेआठला कोल्हापुरात माझा दादा जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसतो आणि प्रीमियर लीगची मॅच थेट बघतो. त्या वेळी लंडनमध्ये दुपारचे तीन वाजलेले असतात. मॅच माझ्या घरापासून तासाभरावर चालू असते आणि मला ती टीव्हीवर बघायची सोय नसते. ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करत नाहीत. बड्या क्लबांच्या मॅच घरबसल्या दिसायला लागल्या तर छोट्यांच्या मैदानाकडे काळं कुत्रंही फिरकणार नाही, हे १९६०च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी इतरांच्या गळी उतरवलं. ते अजून पाळलं जातं. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग तिथं राहून उपयोग काय गं तुझा?"

उपयोग एवढाच झाला, की मी छोट्यांच्या मैदानावर जायला लागले.

माझं माहेर मंगळवार पेठेतलं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही कोल्हापुरात तालमींची नावं आणि शाहू स्टेडियमवर तीच फुटबॉल संघांची नावं. लहानपणी दादाच्या सायकलच्या दांडीवर बसून मी मॅचला जायची. मोठी झाल्यावर त्यानं नेणं बंद केलं. गर्दी, शिव्या, मॅच सुटल्यावरची हाणामारी, कारणं खरी होती. पण राग यायचा तो आलाच. पुढे लग्न, नोकरी, पूर्व लंडनमधल्या एका हॉस्पिटलची रक्त तपासायची लॅब. फुटबॉल मागे पडला. तो परत आला लॅबमधल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याचे वडील एका नॉन-लीग क्लबच्या गेटवर तिकिटं द्यायला बसायचे, आणि हिवाळ्यात त्यांना दमा उसळला की गेटवर माणूस कमी पडायचा. "तू फुटबॉलच्या गावची ना, मग ये," एवढ्या भांडवलावर मी तिथे बसले.

इथला सगळा डोलारा आधी सांगायला हवा. सर्वांत वर प्रीमियर लीग, २० क्लब. तिच्याखाली प्रत्येकी २४ क्लबांचे तीन थर. हे झाले ९२, आणि त्यांच्या खालचं सगळं ते नॉन-लीग. पाचव्या थरात नॅशनल लीग, देशभराची एकच. सहाव्यात तिचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग. सातव्यात चार विभाग, आठव्यात आठ, नवव्यात सोळा, आणि तिथून खाली झाड फुटत फुटत थेट गावातल्या पबच्या संघापर्यंत जातं. प्रत्येक थरात वर जायला दार आहे आणि खाली पडायलाही. आमचा क्लब आठव्या थरात, इस्थमियन लीगच्या उत्तर विभागात.

ही लीग १९०५ मध्ये लंडन परिसरातल्या सहा हौशी क्लबांनी काढली. सुरुवातीला जिंकणाऱ्याला ना कप, ना पदक; मान मिळाला तेवढा पुरे, असा बाणा. १९७४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. त्याआधीही हौशी खेळाडूच्या बुटात नोटा सापडायच्या, असं आमच्या बारमधली जुनी मंडळी डोळे मिचकावत सांगतात. एक गोष्ट मात्र ती अभिमानाने सांगतात आणि ती खरी आहे: विजयाला दोनऐवजी तीन गुण देणं या लीगनं १९७३ मध्ये सुरू केलं. वरच्या ९२ क्लबांच्या फुटबॉल लीगला ते सुचायला १९८१ उजाडलं. आज सगळं जग तीन गुण मोजतं.

लीगच्या सहा संस्थापकांत इलफर्डचा क्लब होता. इलफर्ड म्हणजे आमचा बाजारहाट. पोह्यापासून कोकमापर्यंत सगळं मिळतं. १९४८च्या ऑलिंपिकमध्ये याच इलफर्डला भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध खेळला. डॉक्टर तालिमेरेन आओ कर्णधार, बहुतेक गडी अनवाणी, दोन पेनल्टी हुकल्या आणि १-२ अशी हार. स्वतंत्र भारताचा ऑलिंपिकमधला पहिला फुटबॉल सामना! मी इतकी वर्षं तिथून भाजी आणत होते आणि मला हे गेटवरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं.

तर गेट. लोखंडी टर्नस्टाइल, हातात पैशांचा डबा, आता कार्डाचं यंत्रही. तीनशे माणसं आली की अध्यक्ष खूश. येणाऱ्यांत निम्मे चेहऱ्यानं ओळखीचे. नाणेफेकीत आपला संघ कोणत्या बाजूला हल्ला करणार हे ठरलं की सगळे त्या गोलमागे जाऊन उभे राहतात, आणि मध्यंतराला सबंध घोळका मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलमागे. पाहुण्यांचे समर्थक समोरून येत असतात, वाटेत गाठ पडते, टोमणे होतात, कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. हातात बिअरचे पेले असतात. वरच्या पाच थरांत मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला १९८५च्या कायद्यानं बंदी आहे. आठव्यात ती नाही. मला पहिल्यांदा हे बघून धसका बसला होता, कारण माझ्या डोक्यात शाहू स्टेडियम होतं. पेठेची ईर्षा मला मनापासून प्यारी आहे, पण ईर्षा आणि डोकी फोडणं यांची गाठ सुटू शकते, हे मी इथे पाहिलं.

इथं सगळं ऐकू येतं. गोलकीपर बचावफळीला देतो त्या शिव्या, प्रशिक्षकाचा घसा, लाइन्समनला म्हाताऱ्यांनी विचारलेले डोळ्यांच्या नंबराविषयीचे प्रश्न. लेफ्ट बॅक हा आठवडाभर वायरिंगची कामं करतो, सेंटर फॉरवर्ड शाळेत शिकवतो. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच, थोडे पैसे. जेमी वार्डी असाच खालून वर गेला आणि २०१६ मध्ये लेस्टरबरोबर प्रीमियर लीग जिंकला, ही गोष्ट प्रत्येक क्लबात सांगतात. मला तिचा कंटाळा आलाय. एक खेळाडू वर गेला याचं अप्रूप आपल्याकडेही आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला तेव्हा अख्खं गाव टीव्हीसमोर होतं. माझा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत: इथे क्लब वर जातो.

ऑगस्ट उजाडला की एफए कप सुरू होतो. प्रीमियर लीगवाले त्यात जानेवारीत, तिसऱ्या फेरीत उतरतात. त्याआधी उन्हाळ्यातच शेकडो लहान क्लब प्राथमिक फेऱ्या खेळून मोकळे झालेले असतात. सुरुवातीची एखादी फेरी जिंकली की हजार-दोन हजार पौंड मिळतात. वरच्यांना हे चहापाण्याचे पैसे. आमच्या खजिनदाराला त्यात दिव्यांचं बिल दिसतं. जानेवारी २०२१ मध्ये मरीन नावाच्या लिव्हरपूलजवळच्या क्लबावर टॉटनहॅम खेळायला आलं. मरीन तेव्हा आमच्यासारखंच आठव्या थरात. कोविडमुळे मैदानात प्रेक्षक नव्हते, तर लोकांनी तीस हजारांहून जास्त आभासी तिकिटं विकत घेतली. मॅच मरीन ५-० हरलं. त्या दिवशी आमच्या क्लबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप एवढा वाजत होता, जणू आम्हीच खेळत होतो.

कोविडनं वाईटही केलं. मार्च २०२० मध्ये सातव्या थरापासून खालचा सगळा हंगाम पुसून टाकला. जर्सी बुल्स नावाचा क्लब दहाव्या थरात २७ पैकी २७ मॅच जिंकला होता. बढती नाही. त्या आठवड्यात लॅबमध्ये आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, तरी हे वाचून मी चिडले होते.

कागदही आडवे येतात. वर जायचं तर मैदान त्या थराच्या दर्जाचं लागतं: दिवे, छपराखालच्या खुर्च्या, मैदानाभोवती फिरायला पक्की वाट. तपासणीस टेप घेऊन येतो. १९९४ मध्ये किडरमिन्स्टर, १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड आणि १९९६ मध्ये स्टीवनेज हे पाचव्या थराचे विजेते, आणि तिघांनाही मैदानापायी चौथ्या थरात घेतलं नाही. आमच्याकडे एका उन्हाळ्यात गोलमागची वाट सिमेंटनं घालायची होती. पैसे नव्हते म्हणून लेफ्ट बॅकसकट सगळे फावडी घेऊन आले. मी चहा आणि कांदाभजी. भज्यांवर सेंटर फॉरवर्ड अजून टिकून आहे.

मग एका वर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आम्ही खाली गेलो. बरोबरी पुरली असती. शेवटच्या दहा मिनिटांत गोल खाल्ला, दुसऱ्या मैदानावरचा निकालही उलटा लागला, आणि इस्थमियनमधून आम्ही एसेक्स सीनियर लीगमध्ये, नवव्या थरात. मी दादाला फोन करून रडले. तो म्हणाला, "अगं, पण पुढच्या वर्षी परत वर येता येतं न्हवं?" येतं. ऑगस्टमध्ये तीच माणसं टर्नस्टाइलपाशी उभी होती, तेच टोमणे, फक्त पाहुणे संघ जवळच्या गावांचे. पुढे आम्ही परत वर आलोही. तोवर लोस्टॉफ्टसारख्या दूरच्या किनाऱ्यावरच्या मॅचला जायचा बसखर्च वाचला, असं खजिनदार खासगीत म्हणायचा.

दर मे महिन्यात फुटबॉल असोसिएशन कुठला क्लब कुठल्या विभागात ते नकाशा बघून नव्यानं ठरवतं, म्हणजे कामावर जाणाऱ्या खेळाडूंना फार लांब जावं लागू नये. आमच्या सेक्रेटरीबाई त्या आठवड्यात कुणाशी धड बोलत नाहीत.

थरांच्या या जिन्याची खरी किंमत कळायला विम्बल्डनची कथा पुरे. हा क्लब १९६४पर्यंत याच इस्थमियनमध्ये हौशी म्हणून खेळत होता. १९७७ मध्ये फुटबॉल लीगमध्ये आला, १९८८ मध्ये लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप जिंकला. मग मालकांनी क्लब उचलून मिल्टन कीन्स या दुसऱ्याच गावी न्यायचं ठरवलं आणि २००२ मध्ये त्याला परवानगीही मिळाली. समर्थकांनी त्याच उन्हाळ्यात नवा एएफसी विम्बल्डन काढला, माळावर चाचण्या घेऊन गडी जमवले आणि खालच्या काउंटी लीगमध्ये नाव घातलं. तिथून इस्थमियन, तिथून वर. २०११ मध्ये हा क्लब फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. कुणी कृपा केली नाही, मॅच जिंकल्या.

आपल्याकडे पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या क्लबाला गेली. पुण्यातल्या समर्थकांना विम्बल्डनसारखं करावंसं वाटलंही असेल, पण पाय कुठल्या पायरीवर ठेवायचा? २०१४ मध्ये सुपर लीग सुरू झाली तेव्हापासून पहिली नऊ वर्षं खालून जिंकून कोणी वर गेलं नाही. २०२३ मध्ये पंजाबचा क्लब पहिल्यांदा गेला. त्यानंतर कागदावर आपल्याकडेही उतरंड आली: सुपर लीग, आय-लीग, आय-लीग २, आय-लीग ३ आणि त्याखाली राज्यांच्या लीग. पण २०२४-२५च्या आय-लीगचा विजेता चर्चिल ब्रदर्स की इंटर काशी, हे जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाला सांगावं लागलं. मैदानावरचा निकाल मैदानावर मिटत नसेल, तर जिना कितीही पायऱ्यांचा बांधा, उपयोग नाही.

कोल्हापूरची लीग आमच्या आठव्या थरापेक्षा कशात कमी आहे? गर्दी आमच्या कितीतरी पट. खालच्या गटातून वरच्या गटात जायची सोय गावाच्या आत आहे. नायजेरियाहून खेळाडू आलेले आहेत. पेठेतल्या पोरांना संघाचा इतिहास तोंडपाठ असतो. मात्र शाहू स्टेडियमवर करंडक उचलला की वाट तिथेच संपते. दादाचा संघ जिंकला त्या वर्षी गुलालात न्हाऊन रात्रभर मिरवणूक निघाली, आणि पुढच्या मोसमात तोच संघ त्याच संघांशी, त्याच मैदानावर. पुढची पायरी अर्ज, परवाना आणि पुरस्कर्ता यांवर ठरता कामा नये. ती जिंकल्याबरोबर मिळाली पाहिजे. मैदानाचा दर्जा हवा तर सांगा, फावडी घेऊन येणारे लोक पेठेत ढिगानं आहेत. राज्य संघटनेनं आणि दिल्लीतल्या महासंघानं एवढंच करावं: जिल्ह्याच्या लीगच्या विजेत्याला राज्याच्या लीगमध्ये आपोआप जागा, आणि राज्याच्या तळाच्या संघाला आपोआप परत घरची वाट.

लंडनला येणाऱ्या कोल्हापूरकरांनी आर्सेनलच्या रिकाम्या स्टेडियमच्या सहलीवर पैसे घालू नयेत. ऑगस्ट ते एप्रिल, शनिवारी दुपारी तीन वाजता, जवळच्या कुठल्याही नॉन-लीग मैदानावर जा. तिकीट गेटवरच मिळतं, दहा-बारा पौंड. जाड कोट घ्या.