मापाचे धनुष्य

तयार कपडे घेणाऱ्या बाईविषयी माझ्या आईचे मत कधीच चांगले नव्हते. दुकानातला झंपर सगळ्यांना होतो, म्हणजेच कुणालाच नीट होत नाही, असे ती म्हणे. उलट, दिवाळीच्या तोंडावर शिंप्याकडे चार-चार खेपा घालून भाऊबीजेच्या संध्याकाळी हाती आलेला झंपर पाहिला, की मला दुकानदाराविषयी अपार आदर वाटू लागे. हा वाद आमच्या घरात चांगला वीस वर्षे चालला. तोच एके दिवशी धनुष्याचे रूप घेऊन पुढे उभा राहील, असे मात्र मला स्वप्नातही वाटले नव्हते.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीला आहे. मित्रांच्या संगतीने त्याला धनुर्विद्येचे वेड लागले. कप्प्या नि तारा लावलेले आधुनिक यंत्र नव्हे, तर जुन्या घडणीचे साधे धनुष्य. तिकडे १ ऑक्टोबरपासून धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. “मावशी, कारखान्यातले घेऊ, की कारागिराकडून मापाचे करवून घेऊ?” असे त्याने फोनवर विचारले. आईला विचारण्याची सोय नव्हती. ताईच्या घरात अंडेसुद्धा येत नाही!

धनुष्य म्हटले की मला रामाने मोडलेले तेवढे ठाऊक. पण शिक्षिकेला ‘ठाऊक नाही’ म्हणणे जड जाते. मी वाचायला बसले.

वाचता वाचता मला इशी भेटला. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा हा शेवटचा माणूस १९११ साली रानातून बाहेर आला आणि १९१६ साली क्षयाने वारला. तेवढ्या काळात सॅक्स्टन पोप या डॉक्टरांनी त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली. धनुष्याची लांबी इशी पट्टीने नव्हे, आपल्याच अंगाने मोजी. काम नसेल तेव्हा धनुष्य उभे ठेवू नये, आडवे निजवावे, असा त्याचा दंडक होता. आईला हा माणूस फार आवडला असता.

पोपांचे शिकारीतले सोबती आर्थर यंग. त्यांच्या अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट १९२७ साली डेट्रॉइटमध्ये फ्रेड बेअर नावाच्या तरुणाने पाहिला. त्याने आधी हातानेच धनुष्ये घडवली. पुढे मिशिगनमधल्याच ग्रेलिंग गावी कारखाना थाटला आणि फायबरग्लासचे थर दिलेली धनुष्ये सामान्य माणसाच्या हाती पोचवली. गंमत अशी, की कारखान्यातले धनुष्य हे इशीच्या धनुष्याचे नातवंडच म्हणायचे!

मग भांडण कशाचे? मापाचे. कारखान्याच्या धनुष्यावर ताणाचा जो आकडा असतो, तो दोरी अठ्ठावीस इंच ओढली असे धरून. आमचा भाचा चणीने लहान. त्याची ओढ सव्वीस इंचांची. इंचामागे दोन-अडीच पौंड कमी होतात, म्हणजे पंचेचाळीस पौंडांचे धनुष्य त्याच्या हाती चाळिसावर येते. झंपर काचला तर तो मलाच काचतो. धनुष्य मापाचे नसले तर ते भोवते दुसऱ्याच जिवाला. ताण अपुरा पडला किंवा झेपेनासा होऊन हात थरथरला, की हरीण मरत नाही. पोटात बाण घेऊन पळते आणि रात्रभर कुठल्यातरी झुडपात तडफडत राहते.

‘कारागिराकडूनच घे,’ असे मी सांगणार होते. तेवढ्यात मला माझा वर्ग आठवला. जूनमध्ये येणाऱ्या मुलाचे माप मला कुठे ठाऊक असते? त्याला स्वतःला तरी कुठे असते? सगळ्यांसारखेच पुस्तक हाती देऊन आपण सुरुवात करतो, आणि माप हळूहळू कळत जाते. धनुष्याचेही तेच. पाठ आणि खांदे नीट वापरता येऊ लागले, की नवशिक्याची ओढ बदलते. आजच्या मापाने करवलेले धनुष्य सहा महिन्यांनी परक्याचे ठरायचे.

मी त्याला म्हटले, “कारखान्यातलेच घे, हलक्या ताणाचे. यंदा गवताच्या गठ्ठ्यांवर बाण मार. माप ठरले की मग कारागिराकडे जा. तो कित्येक महिने थांबायला लावील. तेही बरेच आहे.”

“म्हणजे हंगाम फुकट जाणार, मावशी!”

“हरणाच्या दृष्टीने नाही,” मी म्हणाले.

तो हसला, पण त्याने ऐकले. दुसरे धनुष्य यंदा तयार होऊन आले. ऑक्टोबरातल्या एका पहाटे हरीण वीस पावलांवर आले, दोरी पूर्ण ओढली, हात जराही हलला नाही. पण मध्ये एक फांदी आडवी होती, म्हणून त्याने दोरी तशीच सैल सोडत आणली आणि हरीण जाऊ दिले. हे त्याने मला जरा खालच्या आवाजात सांगितले. मला वाटते, धनुष्य त्याला बरोबर बसले आहे.

ताईला यातले किती सांगायचे, ते दिवाळी झाल्यावर बघू.