पीपी

"दहा मिनिटांचं काम आहे, अण्णा," मी म्हणालो होतो. ते दहा मिनिटांत झालंही, तिथंच घोळ झाला.

आमच्या पेठमधल्या एका दूध संस्थेची सभासद-यादी अण्णांच्या वहीतून एक्सेलमध्ये आणि तिथून माझ्याकडे मायएसक्यूएलमध्ये आली. फोनच्या रकान्यात काय नव्हतं! कुठं पुढं +९१, कुठं शून्य, कुठं मराठी आकडे, कुठं दोन नंबर आणि मध्ये तिरकी रेघ. मी पुण्यात याच कामावर पोट भरतो. एक रेजेक्स लिहिलं: इंग्रजी आकडे सोडून दिसेल ते पुसायचं, शेवटचे दहा ठेवायचे. मूळ रकान्यावरच चालवलं. बॅकअप? घेतलाच नाही. रकाना लखलखीत झाला आणि मी स्वतःवर खूश.

मग दुधाच्या पगाराचे मेसेज सुटले.

मराठीत लिहिलेले नंबर पार कोरे झाले होते. माझ्या पॅटर्नच्या लेखी ते आकडेच नव्हते. 'संध्या. 7 नंतर' मधला इंग्रजी सात नंबराला मागून चिकटला आणि पुढचा एक आकडा गळाला. दोन नंबरांतला दुसरा उरला, तो बहुधा मुंबईतल्या पोराचा. घरच्या फोनची गंमत वेगळीच. आमच्या आंबेगाव तालुक्याचा एसटीडी कोड ०२१३३, पुढं सहा आकडे. शून्य उडालं की बरोब्बर दहा. मोबाइल ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो, एवढंही मी तपासलं नव्हतं.

अण्णांनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "इथलं पीपी कुठं गेलं?"

पीपी म्हणजे शेजारच्यांचा फोन. निरोप ठेवायचा, ते हाक मारणार. ती दोन अक्षरं मी कचऱ्यात टाकली होती आणि एका बाईंच्या पगाराचा आकडा शेजारणीला गेला होता. "आता गावाला वेगळं सांगायला नको," अण्णा म्हणाले.

पॅटर्नमध्ये बसत नाही तो नंबर चुकीचा, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आता मूळ रकान्याला हात लावत नाही. नकलेत मराठी आकडे इंग्रजी करतो, सुटे दहा आकडे नीट सापडले तरच शेजारच्या नव्या रकान्यात टाकतो, आणि बदलण्याआधी निवडलेल्या ओळी डोळ्यांखालून घालतो. बाकीच्या ओळी रिकाम्या राहतात.

त्या घेऊन अण्णांपाशी बसतो. मी विचारतो, "हा कुणाचा?" नंबराआधी त्या घराची सगळी कुळकथा येते. दोन रविवार गेले. आडनावं अजून 'ग'वरच आहेत.