रॅनॉक मूर आणि बेसनाचे लाडू

ताई, हे तू वाचणार आहेस हे माहीत असूनच लिहितोय. तेव्हा फोनवर सांगितलं ते अर्धंच होतं.

तर झालं असं, की 2023 च्या मे महिन्यात भाचेसाहेबांना भेटायला मी ग्लासगोला गेलो होतो. तिथून जवळच्याच एका गावातून वेस्ट हायलँड वे ही पायवाट सुरू होते. (पाटी वाचून मी गावाचं नाव 'मिल्नगॅव्ही' म्हणालो तर भाचा पोट धरून हसला. उच्चार म्हणे 'मल्गाय'!) तिथपासून फोर्ट विल्यमपर्यंत 154 किलोमीटर. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या रानात तंबू ठोकता येतो, त्यामुळे घर पाठीवर घेऊन निघायचं.

निघायच्या आदल्या रात्री भाच्याने रूममेटकडून मागून आणलेली वॉटरप्रूफ पँट आणि लोकरी बनियन मी त्याच्या सॅकमधून बाहेर काढले. "अरे, भर जुलैत राजगड-तोरणा केलाय तुझ्या मामाने. पावसाचं काय सांगतोस? ओझं कमी कर." तो काहीतरी पुटपुटला, पण मामापुढे बोलणार किती?

पहिले चार दिवस मामाचंच खरं ठरलं. उन्हात चाललो.

पाचव्या दिवशी इन्व्हरोरानहून किंग्सहाउसला जायचं होतं. मध्ये रॅनॉक मूर. साधारण 16 किलोमीटर, आणि सुरुवातीची पाइनची झाडं संपली की आडोसा म्हणून काही नाही. नुसतं पीटचं काळं पाणथळ माळरान, डबकी, आणि त्यातून जाणारा टेलफर्डच्या काळातला जुना दगडी रस्ता. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या दगडांनी तळपायांची जी अवस्था केली ती केली. असो.

पाऊस सकाळपासूनच होता. आपल्यासारखा कोसळणारा नव्हे. बारीक, आडवा, न थांबणारा. सह्याद्रीत आपण चिंब भिजतो आणि मजेत चालत राहतो, कारण तो पाऊस मुळात उबदार असतो. इथे हवाच सात-आठ अंश, वर वारा. सुती ट्रॅकपँट एकदा भिजली की वाळत नाही, अंगातली ऊब ओढून घेत राहते. हे सगळं मला आता कळतंय. तेव्हा मी पुढे चालत त्याला हरिश्चंद्रगडाच्या गोष्टी सांगत होतो.

बा नावाच्या नदीवरचा पूल ओलांडला आणि थोड्या वेळाने लक्षात आलं, की मागून हुंकार येत नाहीये. वळून पाहिलं तर भाचा शंभरेक पावलं मागे, दारू प्यायल्यासारखा अडखळत येत होता. "काय रे, दमलास?" तर म्हणाला, "मामा, बस किती वाजताची आहे?" त्याला सॅकचं बकल उघडता येईना. बोटं पांढरी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मघापर्यंत कुडकुडत होता तो आता कुडकुडतही नव्हता.

ताई, माझ्या पायातलं बळच गेलं.

तेवढ्यात मागून साठीपुढचं एक स्कॉटिश जोडपं आलं. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सूत्रं हातात घेतली. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं, पण हुकूम सगळे कळले. तंबू इथेच, रस्त्याच्या कडेला. ओले कपडे सगळे काढ. कोरडं घाल, स्लीपिंग बॅगमध्ये शिर. मी घाबरून त्याचे हात चोळायला लागलो तर चक्क ओरडल्या. चोळायचं नाही, आधी छाती-पोट गरम करायचं. मी त्याला मिठी मारून पडलो. बाहेर आजोबा वाऱ्यात तंबूचा खांब धरून उभे.

पंधरा-वीस मिनिटांनी पोरगं पुन्हा थरथरायला लागलं. बाई हसल्या, तेव्हा मला कळलं की थरथरणं चांगलं असतं. मग भरपूर साखर घातलेला चहा. आणि खायला काय, तर तू पाठवलेले बेसनाचे लाडू! सॅकच्या तळाशी, तीन पिशव्यांत गुंडाळलेले, पार चुरा झालेले. मी चमच्याने भरवले. उरलेले त्या दोघांना दिले. आजोबांना फार आवडले, नाव विचारून घेतलं.

ते दोघे तासाभराने गेले. रात्रभर तंबू फडफडत होता. मी झोपलो नाही, दर थोड्या वेळाने त्याच्या पाठीला हात लावून बघत होतो. मध्येच तो जागा होऊन म्हणाला, "मामा, ती पँट..." मी म्हटलं, "हो रे."

सकाळी पाऊस थांबला होता. किंग्सहाउसच्या आधी, उतारावरून समोर बुआखेल एटिव्ह मोर हा डोंगर दिसला, काळाकभिन्न, शंकराच्या पिंडीसारखा. तिथे फोनला रेंज आली आणि पहिला तुझाच फोन.

"मजेत आहोत गं," मी म्हणालो, "थोडा पाऊस होता काल." भाचा शेजारीच उभा होता. काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघून हसला.